जुनं शहर बघायचं तर आधी दारं, मग ऊन, मग रस्ता

मोठ्या शहराचा जुना भाग बघायला निघालेल्यांची एक ठरलेली पद्धत असते. ‘पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ अशी एखादी यादी घ्यायची, ती मॅपवर टाकायची, सगळ्यात प्रसिद्ध वास्तूपासून सुरुवात करायची आणि तिथून जे जवळ असेल ते गाठत जायचं. मग अकरा वाजता मुख्य वास्तूसमोर तासाभराची रांग लागते. दुसऱ्या ठिकाणी ‘आज बंद’ची पाटी असते, तिसरीकडे नेमकी प्रार्थनेची वेळ असते, आणि फोटोत निम्म्या इमारती काळ्या येतात, कारण ऊन त्यांच्या पाठीमागे असतं. संध्याकाळी पाय बोलत असतात आणि लक्षात राहिलेल्या असतात त्या फक्त रांगा.

यादीत फारसं काही चुकलेलं नसतं. चुकतो तो क्रम. जुन्या भागातला दिवस प्रसिद्धी किंवा अंतर बघून लावायचा नसतो. कुठलं दार कधी उघडं असतं ते आधी, ऊन कुठून येतं ते त्यानंतर, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १: हद्द ठरवा

‘ओल्ड टाउन’ असं मॅपवर लिहिलेलं असतं, पण ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते लिहिलेलं नसतं. ते आपण शोधायचं. बऱ्याच जुन्या शहरांभोवती तट होता आणि तो पाडल्यावर त्या जागी रुंद रस्ता किंवा बाग झाली. व्हिएन्नाचा तट पाडायचा हुकूम 1857 साली निघाला आणि त्या जागी रिंगस्ट्रासे उभी राहिली. क्राकोमध्ये त्याच जागी ‘प्लांती’ नावाची बाग जुन्या शहराला वेढून आहे. तेव्हा मॅप थोडा लांबून बघा. आत वेड्यावाकड्या गल्ल्यांचा गुंता आणि भोवती गोलाकार रुंद रस्ता दिसला की तो गुंता म्हणजेच जुनं शहर. नदीकाठच्या शहरांत हा वेढा अर्धाच असतो, उरलेली बाजू नदी सांभाळते.

या हद्दीतला साधारण एक किलोमीटर लांब-रुंद तुकडा एका दिवसासाठी पुरेसा आहे. एक किलोमीटर चालायला मॅप पंधरा मिनिटं दाखवतो, ती ऑफिस गाठणाऱ्याची पंधरा मिनिटं. थांबत, मान वर करत चालणाऱ्याला तेवढ्यालाच पाऊण तास सहज लागतो. एका दिवसात दोन जुने भाग उरकायचा बेत असेल तर त्यातला एक आत्ताच खोडा.

*इशारा: घरांचे नंबर जुन्या शहरात दगा देतात.* फ्लॉरेन्समध्ये दुकानांचे नंबर लाल आणि राहत्या घरांचे काळे किंवा निळे, आणि दोन्ही ओळी स्वतंत्र चालतात. त्यामुळे लाल 20 आणि काळा 20 एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. प्रागमध्ये एकाच दारावर दोन पाट्या असतात. लाल पाटी त्या भागातल्या नोंदीची, निळी पाटी रस्त्यावरच्या क्रमाची. पत्ता शोधताना निळी बघायची. व्हेनिसमध्ये तर नंबर गल्लीनुसार नाहीतच, अख्ख्या पेठेला एकच माळ. अशा ठिकाणी पत्त्याच्या भरवशावर न राहता मॅपवर नेमकी खूण करून ठेवा.

टप्पा २: दारांचं वेळापत्रक लिहून काढा

कागदावरच लिहा, कारण फोनमध्ये दहा टॅब उघडे ठेवून हे जमत नाही. प्रत्येक वास्तूसमोर चार गोष्टी हव्यात: आठवड्याचा बंद वार, प्रार्थनेच्या किंवा समारंभाच्या वेळा, शेवटचा प्रवेश, आणि तिकिटाचा प्रकार.

बंद वाराबद्दल लोक ‘म्युझियम सोमवारी बंद असतात’ एवढ्या माहितीवर निघतात. पॅरिसमध्ये ओर्से सोमवारी बंद असतं, पण लूव्र मंगळवारी. इस्तंबूलचा टोपकापी राजवाडाही मंगळवारी बंद. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद असतात, अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या रविवारी प्रवेश फुकट असतो आणि गर्दी त्याच हिशेबाने होते. तो दिवस टाळलेला बरा.

प्रार्थनास्थळांचं गणित वेगळं. इस्तंबूलची निळी मशीद पर्यटकांसाठी दिवसातून पाच वेळा नमाजाच्या वेळी बंद होते, आणि शुक्रवारी तर दुपारची नमाज होईपर्यंत उघडतच नाही. नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, म्हणजे ऋतूप्रमाणे सरकतात. मित्राने डिसेंबरात पाठवलेलं वेळापत्रक जूनमध्ये चालणार नाही. चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना असते, शनिवारी दुपारी लग्नं असू शकतात.

‘सहापर्यंत उघडं’ याचा अर्थ सहाला बाहेर. आत सोडणं अर्धा ते एक तास आधीच थांबतं. थंडीतल्या वेळा उन्हाळ्यापेक्षा आखूड असतात, तेही बघा.

तिकिटाच्या प्रकारात सगळ्यात जास्त घोळ होतो. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चला ठरलेल्या वेळेचं तिकीट आधी घ्यावं लागतं. ग्रानाडाच्या अलहंब्रा या किल्ल्याच्या तिकिटावर एक वेळ छापलेली असते ती त्या संपूर्ण परिसराची नसून आतल्या नासरी राजवाड्यांच्या दाराची. मुख्य फाटकाशी त्या वेळेला पोचलात तर आतलं चालणं धरून उशीर झालेलाच असतो. शिवाय काही तिकिटं नावानिशी असतात, रोमचं कोलोसियम त्यातलंच. तिथे तिकिटावरचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलंच पाहिजे.

वेळेची तिकिटं दिवसाला दोनच. एक सकाळी, एक दुपारनंतर, मध्ये निदान तीन तास मोकळे. तिसरं तिकीट घेतलंत की दिवसभर घड्याळ बघत पळणं आलं.

*तपासा:* तिकीट काढताय ती साइट वास्तूची अधिकृत साइटच आहे ना? सर्चमध्ये वरती दिसणाऱ्या जाहिराती बहुतेक वेळा मध्यस्थांच्या असतात आणि तेच तिकीट जास्त पैशाला विकतात.

*हेही तपासा:* परांच्या. जुन्या इमारतींची डागडुजी कायम चालू असते आणि दर्शनी बाजू वर्षभर कापडाखाली झाकलेली असू शकते. अधिकृत फोटोत हे कधीच दिसत नाही. लोकांनी गेल्या महिन्याभरात टाकलेले फोटो बघा, लगेच कळतं.

टप्पा ३: ऊन कुठून येतं ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो यानेच.

प्रत्येक मोठ्या वास्तूची दर्शनी बाजू कुठल्या दिशेला आहे ते मॅपवर बघून कागदावर लिहा. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळ, पश्चिमेकडे असेल तर दुपारनंतर. एवढंच, पण याला काही आडाखे आहेत. युरोपातल्या बहुतेक जुन्या चर्चची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं, त्यामुळे पॅरिसच्या नोत्र दामसारख्या कॅथेड्रलची दर्शनी बाजू सकाळी सावलीत असते आणि दुपारनंतर उजळते. लोक मात्र सकाळी उठून तिथेच जातात. रोमचं सेंट पीटर्स याला अपवाद आहे. त्याचं तोंड पूर्वेला, म्हणून तिथे सकाळ. इस्तंबूलहून मक्का आग्नेयेला आहे, त्यामुळे मोठ्या मशिदींचं प्रांगण आणि त्याच्या बाजूचं दार वायव्येला पडतं. ते उजळतं उशिरा दुपारी.

रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचं तोंड उत्तरेला आहे. तिथल्या खांबांवर समोरून थेट ऊन जवळपास कधीच पडत नाही, तेव्हा त्यासाठी थांबून उपयोग नाही. तिथे ऊन बघायचं ते आत. 43.3 मीटर व्यासाच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटरचं गोल भोक आहे आणि त्यातून येणारा उन्हाचा कवडसा दिवसभर सरकत असतो. भर उन्हाळ्यात दुपारी तो जमिनीवर उतरतो, हिवाळ्यात मात्र घुमटाच्या वरच्या अंगालाच राहतो. म्हणजे पँथिऑन बाहेरून कधीही बघा, आत मात्र दुपारी जा.

साग्रादा फामिलियात ही गोष्ट मुद्दाम रचलेली आहे. येशूच्या जन्माच्या देखाव्याची बाजू उगवतीकडे, तिथल्या काचा निळ्या-हिरव्या. त्याच्या यातनांची बाजू मावळतीकडे, तिथल्या काचा लाल-नारिंगी. सकाळचा स्लॉट घेतला तर बाहेरची जुनी, मूळ वास्तुकार गाउडीच्या हयातीत सुरू झालेली बाजू उजळलेली मिळते आणि आत थंड रंग पसरतात. दुपारी उशिराचा घेतला तर आत अंगार. दोन्ही एका फेरीत मिळत नाही. मी दुपारचा घेईन, कारण बाहेरची बाजू रस्त्यावरून सकाळी फुकट बघता येतेच.

आता कोरीव कामाबद्दल. समोरून पडणारं ऊन फोटोला छान, पण नक्षी त्यात सपाट दिसते. नक्षी उठते ती ऊन भिंतीला घासून जात असतं तेव्हा. पश्चिममुखी भिंतीवर ही वेळ मध्यान्हीनंतर लगेच येते. प्रत्येक पाकळीखाली, प्रत्येक दुमडीखाली काळी रेघ उमटते. तासा-दोन तासांनी तीच भिंत उजळ पण चपटी. शिल्पांनी भरलेली वास्तू असेल तर थोडं आधी पोचा.

अरुंद गल्ल्यांत ऊन फक्त दुपारी उतरतं. सकाळ-संध्याकाळ चौकांना द्या, दुपार गल्ल्यांना. तापलेल्या दिवसात दुपारी गल्लीतल्या सावलीच्या कडेने चालताही येतं.

*इशारा:* विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या शहरात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. तिथे कायम सावलीत राहणारी बाजू दक्षिणेची. पूर्व-पश्चिमेचा आडाखा मात्र तोच.

टप्पा ४: आता रस्ता आखा

कागदावर आधी दोन तिकिटांच्या वेळा मांडा. मग उन्हाच्या वेळा. उरलेल्या जागा या दोहोंच्या मधल्या वाटेवर येतील तशा. वाटेवर न येणारी जागा कितीही नावाजलेली असली तरी ती दुसऱ्या दिवसाची.

सुरुवात मध्यवर्ती चौकातून करू नका. जुनी वेस शिल्लक असेल तर तिथून आत शिरा, नसेल तर हद्दीच्या एखाद्या टोकाकडून. शहर जसं बाहेरून येणाऱ्याला भेटत होतं तसं ते उलगडतं. रुंद रस्ता अरुंद होतो, अरुंद रस्ता अचानक चौकात उघडतो. थेट मेट्रोतून चौकात वर आलात तर हे सगळं हुकतं.

उंचावरून शहर बघायची जागा शेवटी ठेवा. सकाळीच मनोऱ्यावर चढलं की खाली नुसती छपरं दिसतात. दिवसभर फिरून मग चढलात तर प्रत्येक छप्पर ओळखीचं असतं. आणि चढायचं कुठे हेही ठरवा. पॅरिसमध्ये सगळे आयफेल टॉवरवर चढतात, पण तिथून दिसणाऱ्या शहरात आयफेल टॉवरच नसतो. आर्क द त्रिऑम्फ या कमानीच्या 284 पायऱ्या चढल्या तर तो समोर दिसतो, शिवाय पायाशी एकत्र येणारे बारा रस्ते.

पिशवीत काय: पाणी, पॉवर बँक, मोठी ओढणी किंवा पातळ शाल, ऑफलाइन उतरवून घेतलेला मॅप, आणि छोटी दुर्बीण. दुर्बिणीला लोक हसतात. पण निम्मं कोरीव काम तिसऱ्या मजल्याच्या वर असतं आणि फोनचा झूम तिथे चिखल करतो. मोठी सॅक नको, पुष्कळ ठिकाणी आत नेऊ देत नाहीत आणि सामान ठेवायला जागा असेलच असं नाही. बूट जाड तळव्याचे आणि वापरलेले. गोट्यांच्या फरसबंदीवर नवे बूट दुपारपर्यंत फोड आणतात.

टप्पा ५: इमारतीसमोर उभे राहा, पण योग्य अंतरावर

बहुतेक जण थेट दाराशी जातात, मान मागे टाकतात आणि आत शिरतात. इमारत बघायची राहूनच जाते.

इमारतीच्या उंचीच्या तिप्पट लांब उभं राहिलं की ती आजूबाजूच्या घरांसह दिसते. दुप्पट अंतरावर ती एकटी, पूर्ण दिसते. उंचीएवढ्या अंतरावर आलात की पूर्ण दिसत नाही, पण बारकावे दिसू लागतात. या तीन जागी थोडं थोडं थांबा. अरुंद रस्त्यामुळे मागे सरकता येत नसेल तर समोरच्या गल्लीच्या तोंडातून बघा. त्यानंतर भोवती एक फेरी मारा. मागची बाजू बघितल्याशिवाय आत जाऊ नका, कारण पैसा कुठे खर्च झाला आणि कुठे वाचवला ते मागेच कळतं.

बघायचं काय? तळमजला सोडून द्या. तिथे दुकानं असतात आणि ती सतत बदलतात. नजर पहिल्या मजल्यापासून वर न्या. पॅरिसच्या एकोणिसाव्या शतकातल्या घरांना लांब सज्जा बहुधा दुसऱ्या आणि पाचव्या मजल्याला दिसेल. लिफ्ट नव्हती तेव्हा श्रीमंत दुसऱ्या मजल्यावर राहत, आणि नोकर छपराखालच्या खोल्यांत. खिडक्यांची उंची वर जाताना कमी होते ती याचमुळे.

शिकागोच्या मोनॅडनॉक बिल्डिंगसमोर हेच भिंतींच्या बाबतीत शिकता येतं. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 चा. सोळा मजले आणि सगळा भार विटांच्या भिंतींवर, म्हणून तळाशी भिंत जवळपास सहा फूट जाड. खिडकीच्या कडेला उभं राहून बघा, काच किती आत बसलेली आहे. मग त्याच इमारतीच्या दक्षिणेकडच्या भागाकडे चालत जा. तो 1893 चा, भार पोलादी सांगाड्यावर. भिंत पातळ, खिडक्या मोठ्या. दोन वर्षांचं अंतर आणि बांधायची रीतच बदललेली. खिडकीच्या काचेची खोली बघायची ही सवय कुठल्याही शहरात कामी येते.

*तपासा: जुनं दिसतं ते खरंच जुनं आहे का?* बार्सिलोनाच्या गॉथिक पेठेत सगळ्यात जास्त फोटो निघतात ते बिस्बे गल्लीवरच्या नक्षीदार पुलाचे. तो 1928 चा आहे. तिथल्या कॅथेड्रलची दर्शनी बाजूसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली, आतलं चर्च मात्र मध्ययुगीन. वॉर्साचं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालं आणि नंतर जुनी चित्रं, मोजमापं समोर ठेवून पुन्हा उभारलं. 1980 साली ते जागतिक वारसा यादीत गेलं ते या पुनर्बांधणीसाठीच. नव्याने बांधलेलं म्हणून ते कमी प्रतीचं ठरत नाही, पण आपण काय बघतोय ते माहीत असावं. खूण साधी आहे. कोपऱ्यांची झीज बघा. पाचशे वर्षं पाऊस खाल्लेला दगड आणि नव्वद वर्षांचा दगड यांच्या कडा सारख्या नसतात.

टप्पा ६: आत शिरल्यावर

खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बहुतेक चर्च आणि मशिदींत अडवत नाहीत. मशिदीत बायकांना डोकं झाकावं लागतं आणि बूट सगळ्यांनाच काढावे लागतात, तेव्हा ओढणी आणि मोजे इथे लागतात.

दारातून आत आलात की लगेच पुढे चालू लागू नका. बाजूला होऊन दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधारातलं काहीच दिसत नाही आणि पहिले दहा फोटो वाया जातात.

आत काहीतरी ‘वाकडं’ दिसलं तर तिथे थांबा, कारण वाकडेपणामागे बहुधा इतिहास असतो. इस्तंबूलची आया सोफिया 537 साली चर्च म्हणून पूर्ण झाली आणि 1453 नंतर मशीद झाली. चर्चचा रोख आणि मक्केची दिशा यांत थोडा फरक. त्यामुळे मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, मागच्या अर्धगोल भिंतीच्या बरोबर मध्यावर नाही, किंचित उजवीकडे सरकलेला आहे. पर्यटकांना आता तिकीट काढून वरच्या गॅलरीत सोडतात, खालचा भाग नमाजासाठी. त्या गॅलरीतून हा फरक नीट दिसतो, पण बघायला सांगितलं नाही तर मोझेकच्या नादात कुणाचं लक्ष जात नाही.

*इशारा:* एखाद्या मोठ्या वास्तूच्या बाहेर कुणी सांगितलं की ‘आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’, तर थेट फाटकापर्यंत चालत जाऊन स्वतः बघा. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेरचा हा जुना धंदा आहे आणि तो इतरत्रही चालतो. हातात फूल किंवा गंडा घालू पाहणाऱ्यापासून हात मागे घ्या, बोलत बसू नका.

दुसरी गोष्ट शिष्टाचाराची. जुन्या पेठांत माणसं राहतात. उघडं दिसलेलं प्रत्येक अंगण बघायला खुलं नसतं, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे हा देखावा नसतो.

टप्पा ७: सूर्य मावळल्यावरची घटका

जेवायला पळू नका. मावळतीनंतर वीस ते तीस मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि इमारतींवरचे दिवे लागलेले असतात. पूर्ण अंधार झाला की दिव्यांचा झगमगाट उरतो, आकार हरवतो. म्हणून मावळतीच्या आधीच जागा धरा, आणि एकच जागा. या वेळात दोन ठिकाणं गाठायला गेलं की दोन्ही हातची जातात.

परत निघण्याआधी शेवटची बस किंवा मेट्रो कधीची आहे ते बघून ठेवा. ऑफिसांनी भरलेले जुने भाग संध्याकाळी सातनंतर ओस पडतात आणि टॅक्सी मिळायला वेळ लागतो.

तारखा तुमच्या हातात असतील तर

वर्षातून एखादा दिवस असा असतो की एरवी बंद असलेली दारं उघडतात. फ्रान्समध्ये सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार वारसा दिवसांचा असतो, तेव्हा मंत्रालयं आणि सरकारी वाडेसुद्धा बघायला मिळतात. लंडनमध्ये ‘ओपन हाउस’ 1992 पासून सप्टेंबरातच भरतं. इतर मोठ्या शहरांतही असे दिवस पाळतात. तिकिटं काढण्याआधी त्या शहराचं नाव आणि ‘हेरिटेज डे’ असं शोधून बघा. काही इमारतींना आधी नाव नोंदवावं लागतं आणि जागा लवकर भरतात. बाकीच्यांसमोर रांग लागते, तेव्हा त्या दिवशी दोनच इमारती धरा आणि पहिलीच्या दाराशी उघडायच्या आधी पोचा.